मुलांची कंबर दुखते, तेव्हा एमआरआय कधी?

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत डॉक्टर ताईंनी केलेलं भाषण)

मागच्या बैठकीनंतर एका गटाच्या सचिव ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, आमच्या एका सदस्याच्या नववीतल्या मुलाची कंबर दुखतेय. एमआरआय सांगितलाय, त्यासाठी ती अंतर्गत कर्ज मागतेय. द्यावं का?" आज तेवढ्यावरच बोलते.

वयात येणाऱ्या मुलांची कंबर दुखणं नवलाचं नाही. उंची भराभर वाढते, दप्तर एका खांद्यावर, सुट्टीत वेचणीला जायचं, हंडे भरायचे. यातली बरीच दुखणी काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. अशा मुलाचा एमआरआय काढला, तर रिपोर्टात 'गादी थोडी सरकली' असं काहीतरी लिहून येऊ शकतं. मग आपल्याकडे त्याला 'मणक्यात गॅप' म्हणतात. गंमत अशी, की ज्यांची कंबर कधी दुखलीच नाही अशा कितीतरी मुलांतही हे दिसतं. पण कागदावर आलं की घर धास्तावतं. पोराला खेळू देत नाहीत, महिनोन्‌महिने पट्टा बांधतात, आणि पाठ आणखी कमजोर होते.

एक्स-रेत हाड दिसतं. गादी आणि नस दिसत नाही. कमरेच्या एक्स-रेला छातीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त किरणं लागतात, सीटी स्कॅनला त्याहून जास्त, आणि मुलींचं बीजकोष नेमकं त्याच वाटेत येतं. म्हणून "एकदा फोटो काढून टाका" असं डॉक्टरांच्या मागे लागू नका. एमआरआय चुंबकावर चालतो, त्याला ही किरणं नसतात. पण तो महाग.

आता दुसरी बाजू ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पंधरा वर्षांची मुलगी आणली. तीन महिने कंबर दुखत होती. आई म्हणाली पाळीचं असेल, आजी म्हणाली कामाचा कंटाळा. पण पाळीचं दुखणं पाळीबरोबर जातं, हिचं रोज होतं. रात्री झोपेतून उठायची, संध्याकाळी अंग तापायचं, वजन उतरलं होतं. बाहेर एक्स-रे काढून 'नॉर्मल आहे' सांगितलेलं, म्हणून घरचे निवांत. माझ्याकडे आली तेव्हा चालताना चप्पल पायातून निसटत होती, आणि तिला ते कळतही नव्हतं. एमआरआयमध्ये मणक्यात पू दिसला. सुईने नमुना घेतला, टीबी निघाला.

मणक्याच्या टीबीत हाड बरंच खाल्लं गेल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही. एमआरआयमध्ये लवकर दिसतं. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत, पण वर्षभर किंवा त्याहूनही जास्त घ्यावी लागतात. नोव्हेंबर 2024 पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये मिळतात, हे गटात सांगा. ती मुलगी आज चालते. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर मला खात्री नव्हती.

म्हणून रात्रीचं दुखणं, ताप, वजन उतरणं, घरात कुणाला टीबी झालेला असणं, पाठीवर उंचवटा, यातलं काही असेल तर थांबू नका. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी निघा. तेव्हा कर्जाच्या अर्जावर चर्चा करत बसू नका.

आता तो नववीतला मुलगा. त्याला मी बोलावून घेतलं. यातलं काही नव्हतं. पण पोरगा रोज दोन-दोन तास फास्ट बॉलिंग करतो, आणि मागे वाकलं की एकाच जागी कळ येते. अशा खेळाडू मुलांच्या मणक्याला बारीक चीर जाते. 2019 मध्ये जसप्रीत बुमराहला पाठीच्या अशाच स्ट्रेस फ्रॅक्चरने संघाबाहेर बसवलं होतं. सुरुवातीला हेही एक्स-रेत चुकू शकतं. वेळेत कळलं तर काही महिने बॉलिंग बंद ठेवून चीर बहुतेक वेळा भरून येते. म्हणजे त्याला एमआरआय सांगितला तो बरोबरच होता, हे मलाही तपासल्यावरच कळलं.

तर सचिव ताई, कर्ज द्या. पण आधी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एमआरआय होतो का विचारू, चिठ्ठी मी देते. आणि बाकीच्यांनी मुलांना आणताना जुने फोटो, रिपोर्ट पिशवीत घालून आणा. तोच एक्स-रे परत काढायला नको.