वीस तासांचा हिशोब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी यात्रेचे वर्णन सांगते, कोणी दिवाळीच्या फराळाच्या युक्त्या सांगते. यंदा अध्यक्षीणबाईंनी मला उभे केले आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांना तिथे नोकरी किती करता येते, हा तो विषय. कारण उघड आहे. आपल्या एवढ्याशा पेठेतून गेल्या तीन वर्षांत पाच मुले इंग्लंडला गेली आणि आणखी दोन घरांत सध्या कर्जाचे कागद चालू आहेत. त्या पाचांत माझा धाकटा होता. मला इंग्रजी येत नाही. त्याने नियम वाचून मला मराठीत समजावले, तसे मी सांगते. अमेरिका, कॅनडा यांचे नियम निराळे आहेत, मी इंग्लंडपुरतेच बोलेन.

शिकता शिकता कमावणे यात आपल्याला काही नवे वाटत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत वार लावून जेवून मुले शिकली. आपल्या साताऱ्यात तर कर्मवीर अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ हे घराघरांत पोचविले. म्हणून एजंटाने जेव्हा सांगितले की, “मुलगा तिथे काम करून फी फेडील, तुम्ही फक्त पाठवा,” तेव्हा आम्हां दोघांना त्यात काही वावगे वाटले नाही. घर गहाण ठेवून कर्ज काढले आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो एक वर्षाच्या मास्टर्सला गेला.

आता नियम ऐका. पदवीचे किंवा त्यावरचे शिक्षण घेणाऱ्या मुलाला कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येते. पदवीच्या खालच्या कोर्सला दहाच तास. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. या आठवड्यात दहा केले, पुढच्यात तीस करून सरासरी वीस काढू, हे चालत नाही. दोन ठिकाणी काम केले तर दोन्हींचे तास एकत्र धरतात. बिनपगारी काम केले तरी ते कामच धरतात. स्वतःचा धंदा करायला मुळीच परवानगी नाही, आणि सायकलवरून घरोघर जेवण पोचविण्याचे जे काम असते, तेही बहुधा स्वतःच्या धंद्यातच मोडते. दुसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घेऊन मुले ते करतात. २०२५ च्या जुलैमध्ये तिकडच्या सरकारने अशा स्वारांची रस्तोरस्ती तपासणी केली आणि पुष्कळांना पकडले.

हे झाले नियम. आता स्वयंपाकघरात बसून मी केलेला हिशोब सांगते, कारण तो आधी केला असता तर बरे झाले असते. एप्रिल २०२५ मध्ये एकवीस वर्षांवरील माणसाची तिथली कमीत कमी मजुरी तासाला १२ पौंड २१ पेन्स होती. वीस तासांचे झाले आठवड्याला २४४ पौंड, महिन्याचे सुमारे १,०५८. आणि व्हिसा देताना तेच सरकार म्हणत होते की लंडनबाहेर राहायला मुलाजवळ महिन्याला १,१३६ पौंड पाहिजेत, नऊ महिन्यांचे आधीच बँकेत दाखवा. नोव्हेंबर २०२५ पासून तो आकडा १,१७१ केला आहे. म्हणजे एकही आठवडा न चुकता पुरे वीस तास काम मिळाले, तरी सरकारच्याच मते त्याचे खोली-भाडे आणि पोट भागत नाही. मग फी कुठून फिटणार? शिवाय वीस तास मिळतात कुणाला? आमच्या मुलाला पहिले दोन महिने कामच मिळाले नाही, नंतर आठवड्याला आठ-दहा तास. आमच्या एजंटाने हा हिशोब कधी कागदावर मांडला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

आता मी माझी चूक सांगते. हप्ते चालू झाले तसा फोनवर माझा एकच प्रश्न असायचा. जेवलास का, याच्याही आधी मी विचारी, “या आठवड्यात किती मिळाले?” जूनमध्ये त्याचा फोन आला. ज्या गोदामात तो काम करी तिथे उन्हाळ्यात चाळीस तास देऊ म्हणत होते. बरोबरची मुले म्हणत होती, उन्हाळ्याची सुटी आहे, सुटीत पूर्ण वेळ चालते. सुटीत चालते हे खरेच आहे, पण ते पदवीच्या मुलांना. मास्टर्सच्या मुलाला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो. तो काळ सुटीत धरत नाहीत, कोर्स संपण्याच्या तारखेपर्यंत वीस तासच. वर्ग भरत नाहीत, परीक्षा झालेली असते, म्हणून मुलांना वाटते सुटी लागली. इथेच पुष्कळ मुले फसतात.

त्याला शंका आली म्हणून तो विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत विचारायला गेला, आणि त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितले. हे त्याने मला कळविले तेव्हा मी काय म्हणाले असेन? “अरे, कोण मोजतंय तिथे? दोन महिन्यांचा तर प्रश्न.” भगिनींनो, हे शब्द माझे आहेत. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई, मोजतात. मालकच मोजतो.” परदेशी माणसाला नियमाबाहेर कामावर ठेवले तर पहिल्या खेपेला मालकाला एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून सावध मालक विद्यापीठाकडून तारखांचे पत्र मागतो. पगार बँकेतून होतो, कर कापला जातो, सगळे कागदावर राहते. रोखीने देणारे मालक असतात, पण त्यांनी पैसे बुडविले तर मुलाला तक्रार करायला तोंड राहत नाही. आणि नियम मोडल्याचे उघड झाले तर व्हिसा रद्द होऊ शकतो. मग पदवीही गेली, कर्ज तेवढे घरी राहिले.

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगा चुकत नव्हता, मीच त्याला इथून ढकलत होते. दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितले आणि माझ्या पाटल्या मोडून पुढच्या सहा हप्त्यांची सोय केली. ह्यांना ते मुळीच आवडले नाही, अजून बोलून दाखवतात.

त्याने प्रबंध पुरा केला. शिक्षण पुरे झाल्यावर तिथे नोकरी करण्यासाठी निराळा व्हिसा असतो, तो सध्या दोन वर्षांचा मिळतो. त्यावर तासांचे बंधन नाही. मात्र १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना पदवी आणि मास्टर्सनंतर अठराच महिने मिळणार आहेत. ज्यांच्या घरी आता कागद चालू आहेत त्यांनी हेही हिशोबात धरावे. त्याला तो व्हिसा मिळाला, आता नोकरीही आहे, पण कर्ज अजून बरेच बाकी आहे.

ज्या दोघींची मुले यंदा जाणार आहेत, त्यांनी विद्यापीठाचे पत्र घेऊन मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे. कोर्स कधी संपतो ती तारीख त्यात असते. मुलालाच फोन लावून आपण ती वाचून घेऊ, आणि एजंटाने लिहून दिलेला खर्चाचा कागद असेल तर तोही आणावा.