पंप बंद झाला, टाकीचं काय?

(कडेगाव येथील बैठकीतील भाषण)



रस्त्याकडेचा जुना पेट्रोल पंप बंद पडतो. यंत्रं निघतात, पत्रा निघतो, जागा विकली जाते. पण जमिनीत पुरलेली लोखंडी टाकी? ती रिकामी केली का? उकरून काढली का? तिच्याखालची माती तपासली का? हे कुणी विचारत नाही, आणि संबंध मात्र आपल्या विहिरीशी आहे.

टाकी गंजते, थेंब थेंब गळते. अमेरिकेनं १९८४ साली याविषयी कायदा केला. तेव्हापासून तिथं पाच लाखांहून जास्त गळत्या सापडल्या. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली जमिनीखालची तेलवाहिनी गळली आणि लोकांच्या बोअरला तेलमिश्रित पाणी आलं.

हिशेब करा. आजच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असतं. त्यानं रक्ताचा कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर पेट्रोलमधलं बेंझिन आठ लाख लिटर पाणी नासवायला पुरतं. बेंझिनचा वास यायच्या कितीतरी आधीच पाणी पिण्यालायक राहत नाही. टीसीएल टाकून जंतू मरतात, बेंझिन जात नाही.

आपल्याकडं काळा पाषाण. पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून चालतं, तेलही त्याच वाटेनं जातं. म्हणून जवळची विहीर चांगली आणि लांबची बाधलेली, असंही होतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. दुष्काळात पाण्याबरोबर खाली उतरतं, भेगांत चिकटून बसतं. ताकारी-टेंभूच्या पाण्यानं विहिरींची पातळी वर आली, की ते पुन्हा पाण्याला लागतं. ज्या पाण्यासाठी इतकी वर्षं भांडलो, ते असं नासू द्यायचं का?

गावोगाव चार कामं करा.

एक: जुन्या माणसांना विचारून पुरलेल्या टाक्यांची यादी करा.

दोन: टाकीच्या उताराकडच्या विहिरी निवडा, ताडून बघायला वरच्या अंगाची एक घ्या. उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी, वास, तवंग तारखेसह वहीत लिहा.

तीन: नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, आत हवा नको. बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवा, नाहीतर बेंझिन उडून जातं. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या तपासणीत ते बघत नाहीत. अर्जात ‘बेंझिन, टोल्युइन, झायलिन तपासा’ असं स्पष्ट लिहा.

चार: पाण्याला पेट्रोलचा वास आला तर पिणं बंद. उकळूही नका, ती वाफ घरातच भरते. वहीची नक्कल जोडून तहसीलदार, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्या, पोच घ्या.

खर्च कुणाचा? ज्यानं टाकी पुरली त्याचा. प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली वेल्लोरच्या खटल्यात सांगितलंय. हरित लवादाचं खंडपीठ पुण्यातच आहे. पण तिथं पुरावा लागतो, आणि गळती झाल्यावर आधीचं पाणी कसं होतं हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून विहीर चांगली आहे तोवरच वही सुरू करा.