शेजाऱ्यांचें दुखणें आणि आपलें



आम्ही नागपूरकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयास नुसतें ‘मेडिकल’ म्हणतों. १९४७ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारांत बालाघाट-सिवनीकडची हिंदी, भंडाऱ्याकडील झाडीबोली, क्वचित् गोंडीही कानांवर पडते. गांवाजवळचें आरोग्यकेंद्र ओलांडून, उसनवारी करून, रात्रीच्या गाडीनें माणसें येथवर येतात. अशींच माणसें आपापल्या खेड्यांतून ढाक्यास आणि काठमांडूसही जातात. म्हणून आपल्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करतांना शेजाऱ्यांच्या घरांतही डोकावलें पाहिजे.

तीन देशांचें दुखणें तर एकाच कागदावर लिहून ठेवलेलें आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर, तर ४३,००० माणसांमागें एक परिचारिका होती. ऐपत नाहीं म्हणून कोणीही उपचारावांचून राहूं नये, हें तत्त्व समितीनें मांडलें. ४०,००० वस्तीस एक प्राथमिक केंद्र, ही तिची निकडीची मागणी. पुढच्या वर्षीं फाळणी झाली, १९७१ सालीं बांगलादेश निराळा झाला. परंतु तिन्ही देशांत मोठीं रुग्णालयें शहरांत उभीं राहिलीं आणि खेड्यांचा वांटा मागें पडला. नेपाळ त्या राज्यांत कधींच नव्हता. तेथें डोंगरांनीं तेंच केलें.

दारिद्र्याची सबब मात्र पुरती खरी नव्हे. श्रीलंका कांहीं धनाढ्य नव्हती. १९३४-३५ च्या हिवतापाच्या भयंकर साथीनंतर तिनें खेडोपाडीं दवाखाने नेले, पुढें उपचार विनामूल्य ठेवले. आणि २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिला हिवतापमुक्त ठरविलें.

बाकीच्यांनीं उशिरां एक युक्ति काढली. डॉक्टर गांवांत राहत नाहीं ना, मग गांवांतीलच एखाद्या बाईस शिकवावें! नेपाळनें हें १९८८ सालीं आरंभिलें, पाकिस्ताननें १९९४ सालीं, आणि आपण २००५ सालीं ‘आशा’ या नांवानें. ही युक्ति नुसती वेळ मारून नेण्याची नव्हे, याचा पुरावा आपल्या विदर्भांतच मिळाला होता. गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवांत डॉक्टर अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवच्या स्त्रियांस नवजात बालकाचें वजन घेणें, त्यास ऊब देणें, जंतुसंसर्ग ओळखणें, प्रसंगीं इंजेक्शनही देणें शिकविलें. तिसऱ्या वर्षीं, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, नवजात बालकांच्या मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें. १९९९ सालीं हें ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. आशांनीं घरोघर जाऊन नवजात बाळ पाहावें असें भारत सरकारनें ठरविलें तें २०११ सालीं, म्हणजे पुरत्या बारा वर्षांनीं.

येथें मास्तराचा हिशेब सुरू होतो. एका बाळाच्या सहा-सात भेटी पूर्ण केल्या म्हणजे सर्व मिळून २५० रुपये, असा त्या वेळीं दर ठरला. आम्हां शिक्षकांस वर्गांत मुलें हजर असोत वा नसोत, दरमहा पगार मिळे. आज निवृत्तिवेतन मिळतें. मूल शाळेंत येईल इतकें जगविणारी बाई मात्र स्वयंसेविका! नेपाळांतही तिचें नांव स्वयंसेविकाच. पाकिस्तानांतील बायांनीं रस्त्यावर उतरून व न्यायालयांत जाऊन सरकारी नोकरींतील कायमपणा मिळविला. या एका बाबतींत तरी त्या शेजाऱ्याचें अनुकरण करण्यास आमची हरकत नसावी.

मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या आशांचा जाहीर गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रांतील आशा संपावर गेल्या, २०२४ च्या जानेवारींत पुन्हां गेल्या. कबूल केलेल्या वाढीचा सरकारी आदेश निघावा एवढ्यासाठीं त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसावें लागलें. मार्चांत पांच हजारांची मासिक वाढ मंजूर झाली. स्वयंसेविका हें नांव तेवढें राहिलें.