मुलाचा वकील



बाल न्याय मंडळाच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या आईबापांना हायसं वाटतं. आरोपीचा पिंजरा नाही, न्यायाधीशांसाठी उंच चौथरा नाही. समोर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते. त्या समाजकार्यकर्त्यांत किमान एक स्त्री. २०१५चा बाल न्याय कायदा आणि त्याखालचे नियम यांनी हे मुद्दाम असं ठेवलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण घोटाळाही इथेच होतो. मॅडम इतक्या प्रेमाने विचारतायत, मग वकील कशाला? बाप पोराला हळूच ढोसतो, "कबूल करून टाक, माफी माग, घरी जाऊ."

ही चूक अमेरिकेने जवळजवळ सत्तर वर्षं केली. १८९९ साली शिकागोत बालन्यायालय सुरू झालं, तेव्हा कल्पना अशी की न्यायाधीश वडिलांच्या मायेने बघणार, वकील मध्ये आला की कोर्टबाजी सुरू. मग १९६४मध्ये ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला, शेजारणीला अश्लील फोन केला म्हणून उचललं. आईवडील कामावर, त्यांना कळवायची तसदी कोणी घेतली नाही. तक्रारदार बाई सुनावणीला आलीच नाही. मुलाला थेट एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृह! मोठ्या माणसाने तोच फोन केला असता तर पन्नास डॉलरपर्यंत दंड, नाहीतर फार तर दोन महिने कैद. १९६७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलालाही वकील हवा, ऐपत नसेल तर सरकारने द्यावा, आणि आरोप काय आहे ते मुलाला नि पालकांना आधी कळलं पाहिजे.

आपल्याकडे मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगांतल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६च्या आदेशात, प्रत्येक तुरुंगात आठवड्यातून एकदा दोन वकिलांनी जाऊन मुलांना मदत करावी, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे मुलाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. बापाची दहा एकर बागायत असली तरी नाही. मंडळाने स्वतःहून विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकिलाची सोय करायची, मुलाला भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यायचा.

हा वकील मुलाचा असतो, पालकांचा नव्हे. बापाला अब्रूची घाई असते, मुलगा दुसऱ्याच कोणाला तरी वाचवत असतो. अशा वेळी वकिलाने बापाला पाच मिनिटं बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोललं पाहिजे. पालकांना ते अपमानास्पद वाटतं, वाटू द्यावं.

पालकांच्या हाती काय असतं? पुष्कळ. आधी नियम ठाऊक हवेत: पोलिसांनी मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, चोवीस तासांत मंडळापुढे आणायचं, आईवडिलांना कळवायचं. जामिनासाठी जमिनीचे उतारे घेऊन धावपळ करू नका. कायद्यात जामीनदाराशिवाय सोडण्याचीही सोय आहे. धावायचंच तर शाळेत धावा. वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला पहिल्या पुराव्यांत धरतात. गंभीर प्रकरणात अठराला चार महिने कमी होते, हे त्या कागदानेच सिद्ध होतं.

परिवीक्षा अधिकारी घरी येतात, तेव्हा घर आवरून खोटं चित्र उभं करू नका. त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळ वाचतं. दारू, कर्ज, सुटलेली शाळा हे त्यात आलं, तर समुपदेशन की विशेष गृह हे ठरवायला आधार मिळतो.

सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का याचं प्राथमिक मूल्यमापन मंडळ करतं. त्या दिवशी वकील केवळ कागदावर हजर असेल, तर मंडळाला सांगून दुसरा मागा. १५१०० या क्रमांकावर विधी सेवेचा फोन लागतो. तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते.

निकालानंतर एक काम बहुतेकांचं राहून जातं. अपिलाची मुदत संपली की बहुतांश प्रकरणांतली नोंद नष्ट करायची असते. पुढे नोकरीच्या पोलीस पडताळणीत ती निघू नये, म्हणून वकिलाला शेवटच्या तारखेलाच विचारा की नोंद नष्ट करण्याच्या आदेशाची प्रत कधी मिळेल.