जुन्या मोटारीचा तळ

जुनी मोटार पारखणारा जाणता मनुष्य तिच्या चकचकीत रंगाला सहसा भुलत नाही. तो गाडीच्या मागे जातो, डिकी उघडतो, आतील चटई उचलतो आणि तळाच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहतो. खणखणीत नाद आला तर पत्रा धड आहे. बद्द आवाज आला, किंवा तांबूस पापुद्रे गळू लागले, तर रंगाखाली काय दडले असेल याचा अंदाज त्याला तेवढ्यावरूनच येतो.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीची मस्टँग हे याचे उत्तम उदाहरण होय. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच दहा लाखावी मस्टँग कारखान्यातून बाहेर पडली. त्या काळातील पुष्कळ गाड्या हौशी लोकांनी आजही जतन केल्या आहेत. मात्र त्यांचा जीर्णोद्धार करताना डिकीच्या तळाचे काम बहुधा चुकत नाही.

या गाडीला निराळी चेसिस नाही. एकमेकांस जोडलेल्या पत्र्यांची पेटी हाच तिचा सांगाडा. डिकीच्या तळाला डावा व उजवा असे दोन पत्रे असून मध्ये मोठे भोक ठेवलेले असते. १९७० पर्यंतच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी त्या भोकात वरून सोडून कडेने आवळलेली असे. म्हणजे टाकीचा माथा हाच डिकीचा मधला तळ! आरंभीच्या गाड्यांत या टाकीत १६ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ६० लिटर पेट्रोल मावे. काटकसरीच्या दृष्टीने ही युक्ती नामी खरी. परंतु टाकी व प्रवासी यांच्यामध्ये मागच्या बाकाच्या पाठीखेरीज फारसा आडोसा उरत नाही, आणि मागून जबर धडक बसल्यास काय होईल या विचाराने पुढे या रचनेवर कडक टीका झाली. ज्या कडांना अशी टाकी आवळायची त्याच कडा कुजलेल्या असतील, तर तो केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

गंज तळाला लागतो, पण पाणी बहुधा वरून येते. झाकणाभोवतीचे रबर कडक होते, मागच्या दिव्यांखालची पट्टी चुरते, मागच्या काचेची फट झिरपू लागते. ते पाणी बाजूच्या खोलगट खोबणीत उतरते आणि धूळ व पाचोळा यांच्यासह महिनोन्महिने तेथेच मुरते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालच्या अंगाने पत्रा खाते. समुद्रकाठच्या घरांतील खिडक्यांचे गज पाहिलेल्या गोवेकरास मिठाचा हा प्रताप सांगावयास नको. म्हणून नवा पत्रा आणण्याआधी गळती शोधावी. एकाने विजेरी घेऊन डिकीत बसावे व दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. आत बसणाऱ्याने झाकण कुलूपबंद होणार नाही अशी तजवीज आधीच केलेली बरी. जुनी कुलपे आतून उघडत नाहीत.

मग ठिगळ लावावे की पत्रा बदलावा? सपाट जागी एखादे लहानसे भोक असेल, तर धड लोखंड लागेपर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा वेल्डिंगने बसवावा. परंतु टोच्या दाबताच कडा व सांधे ठिसूळ लागले, तर त्या बाजूचा पत्रा सबंध बदलावा. या गाडीसाठी तसे नवे पत्रे तयार मिळतात. गंजलेल्या पत्र्यावरच दुसरा पत्रा रिव्हेटने ठोकून वर लांबी भरण्याची जी रीत आहे, ती गिऱ्हाइकाची शुद्ध फसवणूक होय. दोहोंमधल्या फटीत ओल राहते आणि नव्या रंगाखाली गंज आपले काम चालू ठेवतो.

कामाची सुरुवात टाकीपासून करावी. बॅटरी सोडवावी, पेट्रोल मोकळ्या हवेत काढून घ्यावे व टाकी उतरवून वेल्डिंगच्या जागेपासून लांब न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक असते, कारण आत उरलेली वाफ हवेत मिसळली म्हणजे एका ठिणगीने स्फोट होतो. जुन्या टाकीला घरी डाग देण्याचे धाडस कोणी करू नये, ती बदलावी.

दोन्ही बाजू एकदम कापू नयेत. गाडीला खालून भक्कम आधार द्यावा, झाकणाच्या कडेच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरीला हात घालावा. तळाखाली पोकळ पोलादी तुळया आहेत. स्प्रिंगच्या पाट्यांची मागची टोके त्यांनाच लटकतात. म्हणून जुने जोड ड्रिलने सोडवताना वरचाच पत्रा भेदावा, तुळई नव्हे. तुळईच कुजलेली निघाली तर आधी तिची दुरुस्ती करावी. नवा पत्रा शिकंज्यांनी धरून टाकी व झाकण एकदा बसवून पाहावे, टाकी पुन्हा दूर न्यावी आणि मगच वेल्डिंग करावे. तेही सलग नव्हे, तर येथे एक टाका, तेथे एक टाका असे. नाही तर उष्णतेने पत्रा वाकतो. सांध्यांच्या आत आधी जस्ताचा रंग लावतात. त्याचा धूर छातीत गेल्यास ताप भरतो, तेव्हा दारे-खिडक्या उघड्या असाव्यात.

शेवटी सांधे लुकणाने बुजवून दोन्ही अंगांनी रंग द्यावा, नवे रबर बसवावे व पुन्हा नळीने पाणी सोडून पाहावे. चटई मात्र तळ पुरता कोरडा झाल्यावरच अंथरावी.