घरातील फवारणी आणि आपण



पुण्यात जमलेल्या आपणांपैकी अनेकांच्या गावाकडील घरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारली गेली आहे. मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास धारवाड-कारवारकडे ती आरंभली. १९५३ पासून ती देशव्यापी झाली. भिंतीवर टेकलेला डास मरे, हिवताप ओसरे. हे ऋण आम्ही मानतो. परंतु हे द्रव्य माणसाच्या चरबीत साचते, मातेच्या दुधातही उतरते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते बहुधा कर्ककारक ठरविले. म्हणून काय स्तनपान सोडावे? मुळीच नाही, आईच्या दुधाचे मोल फार मोठे आहे. मात्र कोणतीही फवारणी होण्यापूर्वी धान्य, पाणी, पाळणा बाहेर काढावा आणि भिंती सुकेपर्यंत मुलांना आत येऊ देऊ नये.