अंगणापर्यंत पोचणारे दान



पंगतीत उत्तम वाढपी कोणास म्हणावे? जो आपल्या जवळच्या पानाकडे न पाहता पंक्तीच्या शेवटच्या पानाकडे लक्ष ठेवून वाढतो, त्यास. जवळ बसलेला मनुष्य हाक मारून मागून घेतो. शेवटच्या पानावर बसलेला संकोचाने गप्प राहतो आणि तसाच उठतो. दानधर्माच्या पंक्तीलाही असे एक शेवटचे पान आहे. ते गरिबाच्या घरातील तीन ते सहा वर्षांच्या बालकाचे होय. विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतो, रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो, यात्रेकरू धर्मशाळेचे दार ठोठावतो. या बालकास यांपैकी काहीच साधत नाही. आणि त्याच्या आईबापांस दिवसाची मजुरी बुडवून कोणाच्या दारी जाणे परवडत नाही. शिवाय त्याची गरज थांबून राहणारी नसते. देवळाच्या शिखराचे काम दोन वर्षे लांबले तरी शिखर होते. बालकाची ती दोन वर्षे लांबली की पुन्हा येत नाहीत.

या शेवटच्या पानापर्यंत कसे पोचावे, हे महाराष्ट्रात दोन स्त्रियांनी आयुष्य वेचून दाखवून दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही ती दोन नावे.

ताराबाईंचा जन्म 1892 सालचा. वकिली सोडून बालशिक्षणास वाहून घेतलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले होते. 1923 साली ताराबाई तेथे गेल्या. पुढे 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि 1936 साली दादर येथे त्यांनी शिशुविहार उघडला. तेथील काम नावारूपास आले. परंतु ताराबाईंच्या मनास एक गोष्ट टोचू लागली. माँटेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह 1907 साली रोम शहरातील सान लोरेंझो नावाच्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत उघडले होते; आपल्याकडे मात्र तीच पद्धती शहरातील सुस्थितीतल्या घरांची होऊन बसली होती. जे शिक्षण दरिद्री मुलांत जन्मास आले, ते दरिद्री मुलांपासूनच दुरावले होते.

यास्तव 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडून बोर्डी हे समुद्रकाठचे खेडे गाठले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आणि 2014 पासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या, या गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचा विवाह बालपणीच झाला आणि थोड्याच काळात त्यांना वैधव्य आले. त्या काळच्या रूढीने त्यांच्यापुढे एकच कोपरा ठेवला होता. शिक्षण घेऊन त्या त्या कोपऱ्यातून बाहेर पडल्या आणि शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीस बालवाडी उघडली. दार सर्वांस खुले होते. परंतु अनुभव निराळाच आला. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती वस्तीवरची मुले येईनात. त्यांना ना अंगभर वस्त्र, ना आंघोळ, ना वेळेवर आणून सोडणारे माणूस. पिढ्यान् पिढ्या ज्यांना गावाच्या कडेला ठेवले, त्यांच्या लेकरांस गावाच्या मध्यभागी असलेल्या इमारतीत पाऊल टाकण्याचा धीर कोठून व्हावा? अशा वेळी पुष्कळ दाते म्हणतात, “आम्ही दार उघडे ठेवले, आता येणे न येणे त्यांच्याकडे.” ताराबाई असे म्हणाल्या नाहीत. मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, अंगण झाडायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू करायचे. घराच्या अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. आज देशभर सर्वतोमुखी झालेला हा शब्द अशा रीतीने बोर्डीच्या अंगणात जन्मला.

दुसरी अडचण साहित्याची होती. माँटेसोरी पद्धतीची सुबक लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा समुद्रकाठचे शंखशिंपले, झाडांच्या बिया, पाने, खडे आणि माती हीच साधने झाली. मोठे-लहान, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हा भेद शिंपल्यांवरूनही कळतो. साहित्य स्वस्त झाले, म्हणून शिक्षण हलके झाले नाही. उलट मुलाच्या ओळखीच्या वस्तू त्याच्या हाती आल्याने त्याचा संकोच गळून पडला.

पुढे 1957 साली हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले. तेथे आणखी एक कोडे पुढे आले. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. आई मजुरीस गेलेली असते. मोठ्या मुलास शाळेत आणावयाचे तर धाकट्याची सोय आधी लावावयास हवी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या आणि या योजनेस विकासवाडी हे नाव मिळाले. जी मुले गुरांमागे रानात असत, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. म्हणजे शिक्षकच कुरणात गेला. गरिबाच्या जीवनाची घडी न मोडता तिच्यात शिक्षण बसविणे, हे या साऱ्या प्रयोगांचे मर्म होते. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण हा किताब मिळाला. 1973 साली त्यांचे निधन झाले. अनुताई 1992 सालापर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, या कार्यात राहिल्या. सत्तेचाळीस वर्षे! कोसबाडला मिळालेल्या साऱ्या देणग्यांत ही देणगी सर्वांत मोठी म्हणावी लागेल.

असे कार्य एकाच स्थळी झाले असेही नव्हे. माळव्यातील मराठी भाषकांस परिचित असलेल्या शालिनीताई मोघे यांनी इंदूर येथे 1947 साली बाल निकेतन संघाचे कार्य आरंभिले. 1968 साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

आता कोणी विचारील की, 2 ऑक्टोबर 1975 रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि आज देशात सुमारे 14 लक्ष अंगणवाड्या आहेत. मग धर्मादायास करण्यासारखे उरले काय? प्रश्न रास्त आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणी, मातांचे प्रबोधन आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत येतात. हे सारे अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोघींच्या हातून व्हावयाचे असते. वजने घ्यावयाची, नोंदी ठेवावयाच्या, घरोघर जावयाचे. आणि सेविकेस मिळते ते वेतन नव्हे, मानधन. या धावपळीत प्रथम आखडते ते शिक्षण. कारण आहार चुकला तर लगेच दिसतो, गोष्ट सांगावयाची राहिली तर कोणास दिसत नाही.

आणि त्या न दिसणाऱ्या गोष्टीचे मोल किती, हे अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या इप्सिलँटी गावी झालेल्या एका प्रयोगावरून कळते. 1962 साली सुरू झालेल्या या प्रयोगात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील 123 बालके होती. त्यांपैकी 58 जणांना बालशाळा मिळाली, 65 जणांना मिळाली नाही. या सर्वांचा माग त्यांच्या चाळिशीपर्यंत ठेवण्यात आला. बालशाळा लाभलेल्यांपैकी अधिक जणांनी शालेय शिक्षण पुरे केले, त्यांची मिळकत अधिक राहिली आणि कायद्याच्या कचाट्यात ते कमी सापडले. तेथे इमारतीचा थाट नव्हता. दररोज सकाळचे अडीच तास, थोड्या मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका आणि आठवड्यातून एकदा शिक्षिकेची मुलाच्या घरी भेट, एवढेच त्याचे स्वरूप. बोर्डीची शिक्षिका अंगणात गेली होती. इप्सिलँटीची घरात गेली. दोन्हीकडे फळ आले ते माणसामुळे.

यावरून दात्यास बोध घेता येतो. शासनाच्या अंगणवाडीशेजारी दुसरी नामफलकाची इमारत उभारण्यापेक्षा, आहे त्या अंगणवाडीचे गळके छप्पर, पिण्याचे पाणी आणि शौचकूप यांची सोय आधी पाहावी. सेविकेच्या प्रशिक्षणाचा भार उचलावा. गोष्टी सांगण्यासाठी व खेळ घेण्यासाठी वस्तीतीलच एखाद्या शिकलेल्या मुलीस मानधन द्यावे. मुलांना ती परकी वाटत नाही आणि तिलाही गावात मान मिळतो. बालकाच्या घरच्या बोलीचा आदर राखावा. गोव्यात ती कोंकणी असेल, बेळगावच्या सीमेवर एका भिंतीपलीकडे कन्नड असेल. ज्या भाषेत आई अंगाई गाते, त्या भाषेत ऐकलेली गोष्ट लेकराच्या मनात खोल रुजते. मातांना उपकृत समजू नये. त्यांच्या सोयीची वेळ त्यांनाच विचारावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका उत्सवापुरते दान न देता काही वर्षांचा संकल्प करावा. एका वर्षी खेळणी आली आणि दुसऱ्या वर्षी खेळविणारी गेली, तर फडताळात खेळणी तेवढी उरतात.

चार वर्षांच्या बालकास फलकावरचे नाव वाचता येत नाही. देणगीदार कोण, हे त्यास ठाऊक नसते आणि ते कधी आभारही मानणार नाही. त्याला एवढेच कळते की, रोज सकाळी कोणीतरी अंगणात येते, नावाने हाक मारते, तोंड धुते आणि काल अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सांगते. पंक्तीच्या शेवटच्या पानावर वाढले गेले, याची याहून वेगळी खूण नाही.